ऐकू न येणाऱ्या चुका

नाशिकला सुलभाताई नावाच्या इंग्रजीच्या एक शिक्षिका होत्या. शाळेतून त्या निवृत्त झाल्या, त्यांचे लाल पेन काही निवृत्त झाले नाही. लग्नाची पत्रिका हातात आली की आधी स्पेलिंग तपासायचे, मग तारीख बघायची. एकदा तारीख बघायची राहूनच गेली आणि लग्न हुकले. त्याचे त्यांना फारसे वाईट वाटले नाही. पत्रिकेत 'रिसेप्शन' चुकले होते.

मुलगा निखिल लीड्सला स्थायिक झालेला. सून केट तिकडचीच, यॉर्कशरची. नात ईरा पंधरा वर्षांची. तिला मराठी समजायचे, मोडकेतोडके बोलता यायचे, लिहिता मात्र येत नव्हते. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या घरच्या ग्रुपची भाषा इंग्रजी ठरली आणि तिथेच सगळा घोळ झाला.

जन्माने इंग्रज असलेली माणसे इंग्रजीत चुकतात, यावर सुलभाताईंचा विश्वासच बसेना. केट 'डेफिनेटली'मध्ये भलतीकडे ए घालायची. ईरा तर 'शुड हॅव'च्या जागी सरळ 'शुड ऑफ' लिहायची. नाशिकच्या वर्गात सुलभाताईंनी 'डिड यू वेन्ट' पाहिले होते, 'डिस्कस अबाउट' पाहिले होते, 'द' गाळलेली वाक्ये तर ढिगाने तपासली होती. पण 'शुड ऑफ' एकाही पोराने लिहिले नव्हते. लिहील कसे? त्या पोरांनी 'शुड हॅव' फळ्यावर पाहिले, वहीत उतरवले, पाठ केले. ईराने ते कधी पाहिलेच नव्हते, आईच्या तोंडून ऐकले होते. तिकडे भराभर बोलताना 'हॅव'चा नुसता 'व्ह' उरतो आणि तो अगदी 'ऑफ'सारखा ऐकू येतो. एकंदरीत डोळ्यांनी शिकलेल्यांच्या चुका वेगळ्या, कानांनी शिकलेल्यांच्या वेगळ्या.

(इथे माझीही एक अडचण आहे. ईरा तीन 'देअर'मध्ये नेहमी गोंधळ घालायची. एकाचा अर्थ तिथे, दुसऱ्याचा त्यांचे, तिसऱ्याचा ते आहेत. देवनागरीत लिहिले की तिन्ही सारखेच. तिची चूक तुम्हाला दाखवायची म्हटली तरी या लिपीत दाखवता येत नाही.)

सुलभाताईंचे यजमान अप्पा हे एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. मराठी लेखनाचे सरकारने १९६२ साली मान्य केलेले नियम त्यांना तोंडपाठ. खरे तर चुकांची चीड त्यांना जास्त यायला हवी. पण पगार मिळाल्याशिवाय चूक काढू नये, असे त्यांचे मत होते.

"अगं, स्पेलिंग काय आकाशातून पडलंय?" ते म्हणायचे. "कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, तेव्हा खिळे जुळवणारे फ्लँडर्सकडचे. त्यांनी आपल्या सवयीने 'गोस्ट'मध्ये एच घातला, तो अजून तिथेच बसलाय. 'डेट'मधला बी लॅटिनच्या पंडितांनी घुसडला. 'आयलंड'मधला एस तर चुकीच्या व्युत्पत्तीवरून आला. शेक्सपिअरच्या सहा सह्या शिल्लक आहेत, त्यासुद्धा एकसारख्या नाहीत."

"तो माझ्या वर्गात नव्हता," सुलभाताई म्हणायच्या आणि दुरुस्ती पाठवून द्यायच्या.

एकदा केटला दुरुस्ती पाठवताना त्यांच्या फोननेच 'इट्स'मध्ये नको तिथे अपॉस्ट्रफी घातली. अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुसऱ्याच्या लेखनातली चूक दाखवणाऱ्या मजकुरात आपली एक चूक हमखास असते, हा 'मफ्रीचा नियम' जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियन संपादकाने १९९२ साली मांडला. त्यात 'मर्फी'चे स्पेलिंग मुद्दामच चुकवले आहे. अप्पांना हा नियम फार आवडायचा. सुलभाताईंनी त्या दिवशी फोनच्या कंपनीला दोष दिला.

त्यांचे सगळेच चूक होते असे नाही. नोकरीच्या अर्जात, औषधाच्या चिठ्ठीत, कोर्टाच्या कागदात अक्षर न् अक्षर बरोबर हवे, यात वाद नाही. पण जेवता जेवता माणूस काही सांगत असेल तर त्याला मध्येच थांबवून कोणी व्याकरण विचारत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ईरा लिहीत नव्हती, बोलत होती.

सुरुवातीला तिचे मेसेज हातभर लांब असायचे. त्यात फुटबॉल असायचा, विज्ञानाच्या सरांच्या नकला असायच्या, तिथला पाऊस असायचा. पुढे मेसेज ओळीवर आले. मग नुसता अंगठा यायला लागला. आजीने काहीही लिहिले तरी अंगठा.

"बघा, किती सुधारली," सुलभाताई म्हणाल्या. "महिनाभरात एक चूक नाही."

पावसाळ्याच्या तोंडाला अप्पांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. काही दिवस वाचन बंद, फोन बंद. जन्मभर अक्षरांवर जगलेला माणूस दुपारपर्यंतच वैतागला.

"ईराचे मेसेज वाचून दाखव," ते म्हणाले. "जुने. वरपासून. मी चष्मा शोधेपर्यंत तुझी दुरुस्ती येऊन पडायची, माझं काही धड वाचूनच झालेलं नाही."

सुलभाताई वाचायला बसल्या. पहिल्याच वाक्यात 'शुड ऑफ' आले, तसा त्यांनी 'ऑफ'वर वर्गातल्यासारखा जोर दिला.

"तसं नको. ती बोलते तसं वाच."

व्हिडिओ कॉलवर ईराचे बोलणे त्यांनी भरपूर ऐकले होते. त्यांनी तोच वेग, तोच हेल धरला आणि 'शुड ऑफ'चे आपोआप 'शुडव्ह' झाले. पुढे अपॉस्ट्रफी गळलेली होती, ती ऐकू आलीच नाही. देअर आले नि गेले. चेंडू थेट तोंडावर बसला तरी गोल वाचवला, हे ऐकून अप्पा पट्टी लावलेल्या डोळ्याने हसले. तो सामना ईराची टीम हरली होती, हे सुलभाताईंना आत्ता कळले. तेव्हा त्यांना 'लूझ'मधला जास्तीचा ओ तेवढा कळला होता.

मग मार्चमधला मेसेज आला. बिस्किट म्हणजे ईराचा कुत्रा. ती चार वर्षांची असताना आणलेला. सुलभाताईंनी इंग्रजीतच वाचले, ईराच्या हेलात. बिस्किट पहाटे गेला. आपण त्याला आधीच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. उद्या जाऊ असं मीच म्हणाले, माझी परीक्षा होती. सगळी चूक माझी आहे.

सुलभाताई थांबल्या.

"पुढे?" अप्पांनी विचारले.

"पुढे माझं आहे."

"मग वाच की."

त्यांना वाचावे लागले. "'शुड ऑफ' नव्हे, 'शुड हॅव'. आणि 'इट्स'मध्ये अपॉस्ट्रफी. लव्ह, आजी." त्याखाली ईराचा अंगठा होता. पहिला.

बराच वेळ गेल्यावर त्या चिडूनच म्हणाल्या, "तुम्ही तरी तेव्हा बोलायचं! जन्मभर प्रुफं तपासलीत ना?"

"तुझ्या वाणसामानाच्या यादीत 'दुध' असतं, 'तुप' असतं, 'मिठ' असतं. सगळ्यांचं पहिलं अक्षर ऱ्हस्व. कधी बोललो?"

सुलभाताई बघतच राहिल्या. "म्हणजे चुकीचं आहे ते?"

"अकारान्त शब्दात उपान्त्य इकार-उकार दीर्घ. नियमच आहे. बोलताना कोणाला कळतंय? आईजवळ शिकलेल्या भाषेत असंच होतं."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तुला दूध हवं होतं. मी दूध आणलं."

त्या रात्री सुलभाताईंनी ईराला विचारले, बिस्किट झोपायचा कुठे? उत्तरादाखल अंगठा आला. तो खरे तर या प्रश्नाचे उत्तरच नव्हता. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारले, त्याला पुरलंत कुठे? दिवसभर काही आले नाही. लीड्समध्ये शाळा सुटली, इकडे रात्रीची जेवणे उरकली, आणि फोन वाजला. हातभर लांब मेसेज. सुलभाताईंनी तो अप्पांच्या उशाशी बसून वाचायला घेतला. मागच्या अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली. त्याचा फाटका चेंडूही बरोबर ठेवला. शेजारच्या मांजरी आता बिनधास्त कुंपण ओलांडतात. त्यांना कोणी हाकलतच नाही.

मध्येच त्या अडखळल्या.

"का थांबलीस?"

"काही नाही. 'देअर' आलाय."

"कुठला?"

"तुम्हाला ऐकू आला तोच," सुलभाताई म्हणाल्या. "पुढे ऐका. निखिल रडला म्हणे, पण ते आपल्याला सांगायचं नाही असं ठरलंय त्यांचं."