शेषवत् अनुमान आणि आकाशगंगेचा भूतकाळ

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी शेषवत् म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणारे अनुमान, आणि नदीचा पूर पाहून वरच्या अंगाला पाऊस झाल्याचे जाणणे हे त्याचे परंपरेतील उदाहरण. त्यावरचा आक्षेपही सूत्रांतच नोंदवलेला आहे: प्रवाह अडल्यानेही पाणी चढते, मग पुरावरून पाऊस कसा सिद्ध व्हावा? मुंबईच्या गोरेगावात हा आक्षेप पुस्तकी राहत नाही, कारण आरे वसाहतीच्या टेकड्यांत उगम पावून मालाडच्या खाडीला मिळणाऱ्या ओशिवरा नदीचे पाणी डोंगरातल्या पावसाने चढते तसेच भरतीनेही तुंबते. भाष्यकार वात्स्यायनांचे उत्तर असे की नुसते चढलेले पाणी हा हेतूच, म्हणजे अनुमानाचा आधारच, नव्हे. प्रवाहाचा वेग, फेस, वाहून येणारी पाने-लाकडे ही लक्षणे एकत्र दिसली, तरच अनुमान निर्दोष ठरते.

जे कोणी पाहिले नाही आणि जे पुन्हा घडणार नाही, त्याचे ज्ञान होऊ शकते का, हा प्रश्न आजच्या खगोलशास्त्रात आकाशगंगेच्या घडणीच्या निमित्ताने उभा राहतो. गोलाकार तारकागुच्छ म्हणजे गुरुत्वाकर्षणाने घट्ट बांधलेले, बहुधा १० ते १३ अब्ज वर्षे वयाचे लक्षावधी ताऱ्यांचे समूह. बटु दीर्घिका म्हणजे आकाशगंगेच्या मानाने अगदी थोडे तारे असलेल्या लहान दीर्घिका. मोठ्या दीर्घिका अशा लहान दीर्घिका गिळून वाढल्या, हे मत या दोहोंवर उभे आहे. धनू राशीतील बटु दीर्घिका १९९४ मध्ये सापडली, तेव्हा हे गिळणे आजही चालू असल्याचे दिसले. मात्र जुन्या विलयाचे तारे कधीच इतरांत मिसळून गेलेले असतात. गाया या युरोपीय अवकाशयानाने अब्जाहून अधिक ताऱ्यांची मोजमापे दिल्यावर २०१८ मध्ये अशा एका विलयाचा माग लागला, आणि तेथे वात्स्यायनांची अट तंतोतंत पाळली गेलेली दिसते: या ताऱ्यांच्या कक्षा अतिशय लांबट आहेत, एवढ्यावर अनुमान थांबले नाही, तर त्यांच्यात लोहाच्या तुलनेत मॅग्नेशियमसारखी मूलद्रव्ये कमी असल्याचेही पाहिले गेले, आणि हे प्रमाण संथपणे तारे घडवणाऱ्या लहान दीर्घिकेची खूण आहे. गती आणि रसायन या परस्परांवर अवलंबून नसलेल्या साक्षी जुळल्या, म्हणूनच सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वीचा तो विलय ज्ञान या पदवीला पात्र ठरतो.

प्रत्यक्षाचा वाटाही येथे आहेच. प्रकाशाला प्रवासास वेळ लागत असल्याने दूरची दीर्घिका तिच्या भूतकाळातच दिसते. पुण्याच्या आयुका संस्थेतील कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीने ११ निळ्या बटु दीर्घिकांच्या कडेला नवे तारे घडत असल्याचे दाखवले, आणि हे संशोधन २०२२ मध्ये नेचर नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परंतु ते दुसऱ्या दीर्घिकांचे बालपण आहे. त्यावरून आपल्या आकाशगंगेविषयी बोलणे हे साधर्म्यावर उभे राहते आणि म्हणून शेषवताहून दुबळे असते.

केवळ प्रत्यक्षच मानणाऱ्या चार्वाकांचा नकार अशा साक्षींपुढे टिकत नाही, पण त्यांचा सावधपणा उपयोगी पडतो. नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा विराट गुच्छ एखाद्या गिळलेल्या बटु दीर्घिकेचे केंद्र असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. ती दीर्घिका नेमकी कोणती, यावर मात्र त्यांचे अद्याप एकमत झालेले नाही.