सर्वऋतूंचा सोबती

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव बारा महिने तीच असली तरी चालते. हिमप्रदेशांतील मोटारीच्या टायरास मात्र ऋतु ओळखावा लागतो. उन्हाळी टायराचें रबर सुमारें ७ अंश सेल्सिअसच्या खालीं कठीण होऊं लागतें. हिवाळी टायराचें रबर थंडींतही मऊ राहतें. शिवाय त्याच्या अंगावरील असंख्य बारीक चिरा हिम धरून ठेवतात, आणि हिमावर हिमच उत्तम पकड घेतें. हिवाळ्यासाठीं खास बनविलेला पहिला टायर १९३४ सालीं फिनलंडमध्यें, तोही मालमोटारींसाठीं, निघाला. ‘सर्वऋतु’ टायर या दोहोंच्या मधला : कोणत्याच ऋतूंत अगदीं निरुपयोगी नाहीं, कोणत्याच ऋतूंत सर्वोत्तमही नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, या मध्यमावर समाधान मानणारा गृहस्थ दोषी काय? त्याच्या बाजूनें पुष्कळ बोलतां येईल. दोन संच बाळगण्यास पैसा लागतो, जागा लागते. आणि जेथें हिम क्वचितच पडतें, तेथें हा व्यय अनाठायीं होय. इतकें आम्हांस मान्य आहे. परंतु ‘माझा जीव, माझा धोका’ असें तो म्हणूं लागला, म्हणजे आम्ही थबकतों. मोटार उतारावर घसरते ती दुसऱ्याच्या अंगावर. वेग दुप्पट झाला कीं गतिरोधक दाबल्यावर थांबण्यास सुमारें चौपट अंतर लागतें. आणि त्या अंतरांत कोणी अनोळखी मनुष्य रस्ता ओलांडीत असतो.

म्हणून कायदा मध्यें पडला, तो उचितच. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतानें २००८ सालापासून हिवाळ्यांत हिवाळी टायर सक्तीचे केले. जर्मनींत हिमाच्छादित रस्त्यांसाठीं बरीच वर्षें ‘एम’ व ‘एस’, म्हणजे चिखल व हिम, हीं अक्षरें पुरत. परंतु तीं कारखानदार स्वतःच छापी, त्यांमागें परीक्षेची सक्ती नसे. १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथें हिमावरील परीक्षेस उतरलेल्या टायराचें, तीन शिखरें व हिमकण असलेलें चिन्हच ग्राह्य झालें. पुष्कळ सर्वऋतु टायरांवरही तें आढळतें. तात्पर्य, कायद्यानें मध्यमास बाद केलें नाहीं; त्याच्याजवळ फक्त पुरावा मागितला.

सर्व प्रसंगीं आपण उपयोगी पडूं, अशीं अक्षरें आपणही आपल्या अंगावर आपल्याच हातानें छापीत असतों. हिम पडेपर्यंत तीं खोटीं ठरत नाहींत. आणि ठरतात तेव्हां किंमत पुष्कळदां दुसराच देतो. यास्तव आपली मर्यादा ऋतु पालटण्यापूर्वींच पारखून घेणें, आणि ती उणी वाटल्यास त्या दिवशीं मोटार घरींच ठेवणें, हें आम्ही सौजन्य नव्हे, कर्तव्य समजतों.