उचंत खात्यातली सचोटी



मागच्या महिन्यात या संकेतस्थळासाठी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना मी एका शब्दापाशी अडले. ‘इंटिग्रिटी’ हा तो शब्द, आणि लेखात तो जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात होता. आधी ‘प्रामाणिकपणा’ लिहिले आणि खोडले, कारण दुकानदाराने सुटे पैसे बरोबर परत दिले तरी आपण त्याला प्रामाणिक म्हणतो. मूळ लेखकाला त्याहून काही खोल म्हणायचे होते. ‘सत्यनिष्ठा’ फार भारदस्त वाटला. शेवटी ‘सचोटी’वर थांबले. हा शब्द पेढीवरचा आहे. त्याला हिशेबाच्या वहीचा वास येतो, आणि वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या माझ्यासारखीला तो आपला वाटतो.

पण शब्द सापडला तरी प्रश्न सुटला नाही. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘अखंड’, ‘पूर्ण’ असा अर्थ आहे. गणितातला पूर्णांकही त्याच मुळातून आला. मनात एक, ओठांवर दुसरे आणि हाताने तिसरेच असे तुकडे ज्याच्यात नाहीत, तो सचोटीचा माणूस. आपल्याकडे काया-वाचा-मनाने म्हणतात, तेच हे. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, आणि तो मी तुम्हालाही विचारते. एकदा तडा गेला की काय? फुटलेले मडके पुन्हा अखंड होत नाही. तसे असेल तर आपल्यापैकी बहुतेकांनी हा सद्गुण शाळेतच गमावला आहे आणि त्यावर लेख वाचण्यात काही अर्थ नाही.

याचे उत्तर शोधायला मला रायपूरबाहेर जावे लागले नाही.

आमच्या शहरात बूढापाऱ्याजवळ माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. रायपुरात ‘सप्रे स्कूल’ म्हटले की लोकांना मैदान आठवते. सप्रे कोण, हे विचारले तर बरेच जण गप्प होतात. मीही त्यातलीच होते. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि बाजारात थोडी छत्तीसगढी, अशा घरातली मी मुलगी. या शहरात एका मराठी माणसाने हिंदीसाठी आयुष्य वेचले, हे मला महाविद्यालयात गेल्यावर कळले.

सप्रे यांचा जन्म १८७१ सालचा, दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावचा. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. तोटा सोसत ते तीन वर्षे चालले. त्याच मासिकात १९०१ साली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट आली, जिला हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये गणले जाते. एक जमीनदार एका विधवेची झोपडी बळकावतो. ती म्हातारी नातीसाठी चूल घालायला त्या जागेतली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. टोपली त्याच्याने उचलत नाही. तेव्हा ती म्हणते, एवढी एक टोपली जड होते, तर या साऱ्या जागेच्या मातीचे ओझे जन्मभर कसे वाहाल? जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो. (वाणिज्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक: नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशात अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम सप्रे यांनी केले होते.)

१९०७ साली त्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला. लोकमान्य टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत न्यावेत हा हेतू. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि ऑगस्टमध्ये सप्रे यांनाही त्याच कलमाखाली पकडले.

आता जे घडले ते शाळेच्या भाषणांत सहसा सांगत नाहीत. सप्रे यांनी सरकारकडे माफी लिहून दिली आणि काही महिन्यांत ते सुटले. वडील बंधूंचा आग्रह अगदी टोकाला गेला होता, माफीपत्रावर सही केली नाहीस तर मी जीव देईन इथपर्यंत, असे चरित्रांत सांगितले जाते. तरीही सही सप्रे यांची होती. ज्यांच्या विचारांसाठी पत्र काढले ते टिळक मंडालेच्या तुरुंगात, आणि पत्राचे संपादक घरी.

वाचक मित्रा, इथे जरा थांब आणि स्वतःला त्या जागी ठेवून पाहा. एका बाजूला देशाला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला भावाचा जीव. सही न करणे म्हणजेच सचोटी, असे तू छातीठोकपणे म्हणशील का? मला म्हणता येत नाही. महाभारतातल्या भीष्मांनी आपली प्रतिज्ञा शेवटपर्यंत अखंड ठेवली. त्याच अखंड प्रतिज्ञेसह ते कौरवांच्या सभेत बसले आणि द्रौपदीच्या प्रश्नाला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. शब्दाला चिकटून राहणे एवढीच सचोटी असती, तर हट्टी माणूस आणि सचोटीचा माणूस यांत फरकच उरला नसता. दरोडेखोरही आपल्या टोळीशी इमान राखतात.

पण सप्रे यांनी स्वतः ‘भावासाठी केले’ असे म्हणून तो विषय मिटवला नाही, आणि मला या चरित्रात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. ते म्हणू शकले असते. लोकांनी मानलेही असते. त्याऐवजी वर्ध्याकडे हनुमानगडावर श्रीधर विष्णु परांजपे या रामदासी सत्पुरुषांपाशी ते राहिले, माधुकरी मागून जेवले. काल ज्याच्या अग्रलेखाची लोक वाट पाहत होते, तो आज झोळी घेऊन दारोदार. मग ते रायपूरला परतले. समर्थांचा दासबोध त्यांनी हिंदीत आणला.

मी अनुवाद करते म्हणून हा प्रसंग मला फार जवळून दिसतो. दासबोध पुन्हा पुन्हा सांगतो की आचरणाशिवाय बोलणे पोकळ आहे. अनुवादकाला वाक्य नुसते वाचून पुढे जाता येत नाही. ते उचलावे लागते, फिरवून पाहावे लागते, दुसऱ्या भाषेत स्वतःच्या हाताने लिहावे लागते. माफीपत्रावर सही केलेल्या हाताने पानामागून पान तेच लिहिणे कसे वाटले असेल? जमीनदाराला एका टोपलीत पश्चात्ताप झाला आणि गोष्ट संपली. ती गोष्ट लिहिणाऱ्याला मात्र टोपली पुढची कित्येक वर्षे उचलावी लागली.

त्यानंतर टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली पुण्यात प्रसिद्ध झाले, आणि त्याचा हिंदी अनुवाद सप्रे यांनीच केला. १९१६ साली रायपूरच्या रामदासी मठात बसून त्यांनी त्याची प्रस्तावना लिहिली. एकाने सहा वर्षांची शिक्षा भोगताना लिहिलेला ग्रंथ, आणि दुसऱ्याने, ज्याने ती शिक्षा टाळली होती, तो शब्दशः आपल्या भाषेत उतरवला. टिळकांनी ते काम त्यांच्याकडे सोपवले, ही गोष्ट मला कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा मोठी वाटते. १९२६ साली रायपुरातच सप्रे यांचे देहावसान झाले. मध्यंतरी मुलींची शाळा, ‘कर्मवीर’ची उभारणी, साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद असे बरेच काही झाले. ते सगळे इथे मांडत बसत नाही.

हिशेबाच्या भाषेत सांगू? तेरीज मांडली आणि दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, समजा चारशे रुपयांचा फरक आला, तर कारकुनापुढे दोन वाटा असतात. एक, ते चारशे किरकोळ खर्चात घालून टाकायचे. ताळेबंद जुळतो, कोणी विचारत नाही. दुसरी, उचंत खाते उघडायचे. म्हणजे फरक लपवायचा नाही. त्याला स्वतःचे नाव देऊन, सगळ्यांना दिसेल असा, वहीतच उघडा ठेवायचा आणि चूक सापडेपर्यंत शोधत राहायचे. उचंत खाते असलेली वही दिसायला वाईट दिसते. पण कोणत्याही परीक्षकाला विचारा, जुळवलेल्या वहीपेक्षा तो तिच्यावर अधिक विश्वास ठेवेल. सप्रे यांनी आपले उचंत खाते बंद करण्याची घाई केली नाही, असे मला वाटते.

एवढे लिहून मला हा लेख संपवता आला असता. पण मग तो लेखच सचोटीचा झाला नसता, म्हणून माझी गोष्ट सांगते.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाबरोबर मी एका लेखापरीक्षकांच्या कार्यालयात उमेदवारी करते. मार्चअखेरीस शहराबाहेरच्या एका भातगिरणीत मालाची मोजणी करायला मला पाठवले होते. बँकेने गिरणीला मालाच्या तारणावर कर्ज दिले होते, आणि माल खरोखर आहे का हे आम्ही पाहून कळवायचे होते. गोदामात पोत्यांच्या अकरा थप्प्या होत्या. ऊन मी म्हणत होते, बारदानाची धूळ नाकातोंडात जात होती. दोन थप्प्या मोजल्या. दोन्ही कागदाशी जुळल्या. मुनीमजींनी ताक आणून दिले आणि म्हणाले, “बाकीच्याही तशाच आहेत, बेटा.” मी उरलेल्या नऊ मोजल्या नाहीत. अहवालात लिहिले, ‘सर्व माल प्रत्यक्ष मोजला’, आणि खाली सही केली. त्याच रात्री घरी येऊन या संकेतस्थळासाठी सत्यावरच्या एका प्रवचनाचा अनुवाद पूर्ण केला. चांगला झाला होता. कौतुकही झाले.

मी स्वतःला काय समजावले ते सांगते, कारण तुम्हीही कधी ना कधी हेच समजावले असेल. आकडे बहुधा बरोबरच आहेत. कोणाचे नुकसान झालेले नाही. आणि मी नसते तर दुसऱ्या कोणी उमेदवाराने हेच केले असते.

शेवटच्या युक्तिवादावर बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७३ साली एक उदाहरण लिहिले आहे. जॉर्ज नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ, नोकरीच्या फार गरजेत. त्याला रासायनिक शस्त्रांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत जागा मिळते आहे. या शस्त्रांना त्याचा मनापासून विरोध आहे. पण त्याने नाही म्हटले तर ती जागा दुसऱ्याला जाईल, आणि तो दुसरा हे काम दुप्पट उत्साहाने करील. नफातोट्याचा हिशेब सांगतो, जॉर्जने जावे. विल्यम्स म्हणतात की या हिशेबातून एक गोष्ट सुटते: जगात काय घडते यापलीकडे, मी काय करतो याची जबाबदारी वेगळ्याने माझी असते. दुसऱ्याने केले असते, हे खरे असले तरी ते माझ्या सहीचे उत्तर नव्हे. सही करताना ‘कोणीतरी’ नव्हते, मी होते.

पूर्वी मला हे पाश्चात्त्य पंडितांचे बुद्धिबळ वाटे. गोदामानंतर तसे वाटेनासे झाले. नुकसान बँकेचे झाले नसेलही. पण रात्री प्रवचन लिहिणारी आणि दुपारी सही करणारी अशा दोघी झाल्या, आणि दोघींनी एकमेकींना ओळख दाखवली नाही. जो शब्द मला मराठीत सापडत नव्हता, त्याचा अर्थ मला इथे सापडला. मात्र तो सापडल्यावरही मी दोन महिने गप्प राहिले, हेही नोंदवते. सप्रे यांच्याविषयी वाचताना प्रत्येक वेळी मला ती नऊ थप्प्यांची रांग दिसे, आणि मी पान उलटे.

मागच्या गुरुवारी मी सरांना एका कागदावर लिहून दिले: अकरापैकी दोनच थप्प्या मोजल्या होत्या. तोंडी सांगण्याचे धैर्य झाले नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटले होते की ते रागावतील, किंवा हसून सोडून देतील. दोन्ही झाले नाही. अहवाल बँकेत जाऊन पडला आहे, त्यावर कार्यालयाचा शिक्का आहे, आणि आता ही गोष्ट माझी एकटीची राहिलेली नाही, एवढेच ते म्हणाले. मग विचारले, “मार्चपासूनच्या आवक-जावकेच्या पावत्या मिळतील?” मी म्हटले, मिळतील. आज जेवढा माल आहे तो मोजायचा, त्यात मधल्या काळात गेलेला मिळवायचा, आलेला वजा करायचा, आणि मार्चअखेरच्या आकड्याशी ताडून पाहायचे. बँकेला काय लिहायचे ते त्यानंतर ठरेल. माझ्या उमेदवारीचे काय, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

आकडे जुळतील की नाही, मला माहीत नाही. जुळले तर बरे, असे मनात येते, आणि लगेच लक्षात येते की जुळले तरी अहवालातले वाक्य खोटेच होते.

सोमवारी सकाळी साडेसहाला गिरणीवर पोहोचायचे आहे, ऊन चढायच्या आत. पावत्यांची फाईल पिशवीत घातली आहे. नाकातोंडाला बांधायला या वेळी ओढणीही घेतली आहे.