माळवदावरचा मणी

आजोळच्या घराला माळवद होते. मराठवाड्यातल्या जुन्या घरांना असते तसेच, लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. दर वर्षी मृगाच्या आधी त्यावर नवी पांढरी माती पडायची. ती गावालगतच्या टेकाडावरून बैलगाडीने यायची, कारण चांगली दाबली की ती पाणी आत झिरपू देत नाही. पहिला पाऊस ओसरला की आम्ही पोरे माळवदावर धावायचो. धुऊन निघालेल्या मातीत मणी दिसायचे. मला एकदा हरभऱ्याएवढा तांबूस मणी सापडला, आरपार बारीक भोक असलेला. आजीने तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, “जुन्या बायांचं आहे गं ते. नीट ठेव.”

मी नीट ठेवला. चाळीस वर्षे तो एका डबीत आहे. गेल्या महिन्यात तेरला जाऊन आले आणि ‘नीट ठेवणे’ म्हणजे काय, याचा विचार डोक्यातून जाईना.

तेर हे धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेच्या काठचे गाव. बहुतेकांना ते ठाऊक आहे संत गोरोबाकाका कुंभारांमुळे. पण काकांच्या हजार-बाराशे वर्षे आधी त्याचे नाव तगर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची एक वही लिहिली. तिला आपण ‘पेरिप्लस’ म्हणतो. भडोचपासून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे अंतर त्याने नोंदले. तगरहून साधे जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोच बंदरात येते, हेही लिहिले. पुढे कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत राहिले. आपण ज्या गावाचे म्हणवतो, ते गाव सुटून पिढ्या लोटल्या तरी त्याचे नाव बिरुदात जपणारी ती माणसे. हे तगर नेमके कुठले, यावर बराच वाद झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासक फ्लीट यांनी ते तेरच असल्याचे मांडले आणि तेरच्या मातीने पुढे त्यांची बाजू घेतली.

ही माती म्हणजे पांढरच. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. चुलींची राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडे, फुटकी मडकी हे सगळे शतकानुशतके एकावर एक साचत गेले की जमीन पांढुरकी होते आणि तिचे टेकाड बनते. शेतकऱ्याला ते उत्तम खत, घर बांधणाऱ्याला माळवदाची माती. इतिहास आपल्याकडे असा गाडीगाडीने शेतात आणि छपरावर गेला आहे. कुणाचा वाईट हेतू नव्हता. माती उपयोगाची होती, एवढेच.

तेरमध्ये मात्र एक माणूस या मातीकडे वेगळ्या नजरेने बघत होता. रामलिंगप्पा लामतुरे हे तिथलेच रहिवासी. पावसाने उघड्या पडलेल्या, नांगराला लागलेल्या, लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. मणी, शंखाच्या बांगड्या, दिवे, मातीच्या मूर्ती, रोमन नाण्यांची नक्कल करून घडवलेली गळ्यात अडकवायची मातीची पदके. आज गावात राज्य पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, त्याला त्यांचेच नाव आहे आणि त्याचा प्राण म्हणजे त्यांचा संग्रह. या संग्रहातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. इटलीत १९३८ साली पाँपेईच्या उत्खननात एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली, तिची ही जवळची नातलग. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिकडे पोचली होती. तिथली बहीण नेपल्सच्या मोठ्या संग्रहालयात उभी आहे आणि इथली तेरमध्ये, जिथे मिळाली त्याच गावात.

हे ‘त्याच गावात’ मला फार मोलाचे वाटते. चांगली वस्तू मुंबईला न्यावी, तिथे सुरक्षा असते, पाहायला माणसे येतात, हे म्हणणे खोटे नाही. पण मुंबईच्या काचेआड ती सातवाहनकाळाचा एक उत्तम नमुना होते. तेरमध्ये ती ‘आमच्या पांढरीत निघालेली बाई’ असते. बाहेर पडून दहा मिनिटे चालले की तीच नदी, तीच माती. जुन्या विटांचे त्रिविक्रम मंदिरही तिथेच आहे. त्याचा मागचा अर्धगोल भाग पाहिला की हे मुळात बौद्धांचे चैत्यगृह होते, हे अभ्यासकांचे म्हणणे डोळ्यांना पटते. एका धर्माने उभारले, दुसऱ्याने पूजले आणि म्हणून ते पडले नाही. गावातल्या शाळेच्या पोराला हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही, बोट दाखवले की पुरते.

संग्रहालयात मी सर्वांत जास्त वेळ मूर्तीपुढे काढला नाही, खापरांपुढे काढला. मराठीने खापराला काही चांगले दिवस दाखवलेले नाहीत. दोष द्यायचा असला की आपण दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडतो. पण तगरबद्दल आपल्याला जे कळले, त्यातले कितीतरी खापरांनी सांगितले. कुठली भांडी दूरदेशीच्या घाटाची, कुठली गावच्या आव्यातली, कुठला थर आधीचा, कुठला नंतरचा. ज्या मलमलीने गावाचे नाव परदेशी वहीत गेले, तिचा धागाही उरला नाही. १९५८ च्या उत्खननात विटांनी बांधलेल्या टाक्या निघाल्या, त्या कापड रंगवण्याच्या असाव्यात असे मानतात. विणणाऱ्यांची आणि रंगाऱ्यांची नावे कुणी कोरली नाहीत. ताम्रपटात राजा असतो, दान घेणारा असतो. हातांनी राबणारा सापडतो तो टाकीत, खापरात, मण्यात. त्याच्या वस्तूला जागा द्यायची, पुसून, क्रमांक घालून, उजेडात ठेवायची, यात मला न्यायाचा एक प्रकार दिसतो. उशिरा मिळालेला, पण न्यायच.

आणि हे गाव गोरोबांचे आहे! संतमंडळींत कोण पक्के, कोण कच्चे हे पारखायला मुक्ताईने सांगितले आणि गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणले, ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नामदेवांना राग आला आणि ते कच्चे ठरले. कुंभार मडके वाजवून बघतो ते त्याला नाकारण्यासाठी नव्हे. कच्चे असेल तर पुन्हा आव्यात जाते. चैत्र वद्यात काकांच्या समाधीला यात्रा भरते. त्या गर्दीतल्या प्रत्येकाने संग्रहालयाची पायरी चढावी असे मला मनापासून वाटते, कारण गोरोबांच्या आधी हजार वर्षे याच मातीवर थापटणे चालत होते. भांड्याच्या अंगावर त्याचे ठसे दिसतात.

लामतुऱ्यांसारख्या संग्राहकांवर एक आक्षेप घेतला जातो. वस्तू थरातून वेगळी झाली की तिची निम्मी साक्ष जाते. कुठल्या खोलीवर होती, शेजारी काय होते, हे कळले नाही तर ती नुसती सुंदर उरते. आक्षेप रास्त आहे. पण ते वेचत होते त्या काळात दुसरा पर्याय उत्खननाचा नव्हता, माळवदाचा होता. त्यांनी वेचले म्हणून उरले आणि वेचलेले गावात राहिले. आज मात्र तसे करणे चूक आहे. पाया खोदताना काही निघाले तर ते तिथेच राहू द्यावे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. सापडलेले धन कळवण्याचा कायदा १८७८ पासून आहे, पुरावस्तूंचा १९७२ पासून. कायदा नसता तरी हे सोपे होते. आजीने मण्याला ‘तुझा’ म्हटले नव्हते. ‘जुन्या बायांचा’ म्हटले होते. ठेव म्हणजे जपायला दिलेली दुसऱ्याची वस्तू, हे ती एका वाक्यात सांगून गेली आणि मला ते कळायला पन्नाशी आली.

तेरहून परतल्यावर डबी उघडली. ओळखीच्या एका निवृत्त अभ्यासकांना मणी दाखवला. त्यांनी तो तळहातावर घेतला, भोकाकडे भिंग लावून पाहिले आणि एकच विचारले, “टेकाडाच्या कुठल्या अंगाची माती होती?”

माती आणणारे मामा गेले. बैल गेले, गाडी गेली. टेकाड सपाट होऊन तिथे आता शाळेचे पटांगण आहे. घर पाडले तेव्हा माळवदाची माती कुणी, कुठे टाकली, हे विचारायला कुणी उरले नाही.

ते म्हणाले, “जे आठवतं ते तरी लिहून ठेवा. मण्याबरोबरच ठेवा.”

एका जाड कागदावर मी लिहिले: गावाचे नाव. आजोळचे घर, माळवदाचा पूर्वेकडचा कोपरा. मृगाचा पहिला पाऊस होऊन गेल्यावर, सकाळी. मी तिसरीत होते. सोबत मामेबहीण होती, तिला निळा सापडला होता. मग बहिणीला फोन लावला.