औषधाची बाटली आणि खेळाडूचा धर्म

थंडीच्या दिवसांत कोलकात्याच्या मैदानावर सकाळी धुके आणि धूळ एकत्रच असतात. अशाच एका सकाळी एका परिचित मराठी कुटुंबासोबत मी तेथे गेलो होतो. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा गोलरक्षक आहे. एका क्लबच्या कनिष्ठ संघाची त्या दिवशी निवड चाचणी होती आणि मुलगा चार दिवसांपासून खोकत होता. वडिलांनी पिशवीतून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. मागच्या वर्षी डॉक्टरांनी आजीला लिहून दिलेली, अर्धी उरलेली. मुलगा ती हातात घेऊन थबकला.

"बाबा, आमचे कोच सांगतात, आधी नाव वाचा, मगच घ्या. यात सुब्रतदांच्या वेळचं ते औषध तर नसेल?"

वडील म्हणाले, "अरे, खोकल्याचं औषध आहे, दारू नाही. आणि इथे कोण तपासायला येणार आहे?"

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. म्हणूनच हा प्रसंग मनात राहिला.

मुलगा ज्यांच्याविषयी बोलत होता ते सुब्रत पाल म्हणजे बंगालचे, सोदपूरचे. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही क्लबांकडून ते खेळले, भारताचे गोलरक्षक झाले, 2016 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. 2017 च्या मार्च महिन्यात मुंबईतील राष्ट्रीय शिबिरात त्यांची उत्तेजक चाचणी झाली आणि नमुन्यात टर्ब्युटालिन सापडले. आपण खोकल्यासाठी औषध घेतले होते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्याच महिन्यात कोलकाता नाइट रायडर्सच्या यूसुफ पठाण यांच्या नमुन्यातही हेच द्रव्य आढळले. खोकल्याच्या औषधातून ते चुकून गेले हे क्रिकेट मंडळाने मान्य केले, तरी पाच महिन्यांचे निलंबन झालेच. 2019 मध्ये विरारचा पृथ्वी शॉ इंदूरला स्पर्धा खेळत असताना असेच औषध घेऊन बसला आणि त्याला आठ महिन्यांचे निलंबन झाले. तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता.

टर्ब्युटालिन हे काही गूढ रसायन नव्हे. ते श्वासनलिका मोकळ्या करते, म्हणून दम्याच्या आणि खोकल्याच्या कित्येक औषधांत असते. परंतु या वर्गातील औषधे मोठ्या मात्रेत शरीरात गेली तर स्नायूंवरही परिणाम करू शकतात. म्हणून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत ते सदैव निषिद्ध आहे, स्पर्धा असो वा नसो.

येथे पहिला नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याच्या मनात कपट नाही त्याला शिक्षा का? नियम सांगतो की खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये रुमानियाची सोळा वर्षांची जिम्नॅस्ट आंद्रेया रादुकान हिला संघाच्या डॉक्टरांनी सर्दीची गोळी दिली. त्या गोळीमुळे तिचे वैयक्तिक सुवर्णपदक गेले. तिने फसवण्यासाठी गोळी घेतली असे निर्णय देणाऱ्यांनीही म्हटले नव्हते. पुढे 2004 मध्ये ते द्रव्य यादीतून काढले गेले आणि 2010 मध्ये ठरावीक मर्यादेसह परत आले. पदक मात्र परत आले नाही. हे वाचून मन कळवळते, आणि कळवळले पाहिजे.

तरीही दुसऱ्या बाजूने पाहावे. मैदानावर आपल्यासमोर उभा असलेला प्रतिस्पर्धी आपला हेतू पाहू शकत नाही. त्याला फक्त आपला खेळ दिसतो. "मला ठाऊक नव्हते" एवढ्यावर सुटका होऊ लागली, तर ज्याला खरोखर ठाऊक नव्हते तो आणि ज्याने जाणूनबुजून घेतले तो, दोघेही तेच वाक्य म्हणतील. म्हणून नियम दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. स्पर्धेतील निकाल रद्द होतो तो हेतू न विचारता. माणसाला शिक्षा किती द्यायची, ते मात्र त्याचा दोष किती यावर ठरते. हेतुपुरस्सर फसवणाऱ्याला चार वर्षांपर्यंत बंदी होऊ शकते, पठाण यांना पाच महिने झाली. आपल्या परंपरेलाही हा भेद परिचित आहे. अग्नीला अजाणता हात लागला तरी तो भाजतोच, पण अजाणता हात लावणाऱ्याला कोणी पापी म्हणत नाही.

पाप नसले तरी प्रमाद असतो. गीतेने निष्काळजीपणा तमोगुणात गणला आहे, कारण त्यात मन जागे नसते. आजारी खेळाडूला औषध घ्यायला कोणी मनाई केलेली नाही. निषिद्ध औषधावाचून गत्यंतर नसेल तर आधी अर्ज करून परवानगी मिळवता येते. आजाराचे निदान झालेले असावे, दुसरा पर्याय नसावा आणि औषधाने माणूस नेहमीच्या प्रकृतीला यावा, त्यापलीकडे जाऊ नये, अशा त्याच्या अटी आहेत. यातली शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चष्मा लावून स्वतःचा पेपर वाचणे वेगळे आणि तोच चष्मा लावून शेजाऱ्याच्या पेपरात पाहणे वेगळे. चष्मा डॉक्टरांनीच दिलेला आहे, हे उत्तर दुसऱ्या वेळी पुरे पडत नाही.

टेनिसपटू मारिया शारापोव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने 2006 पासून मेल्डोनियम घेत होत्या. 1 जानेवारी 2016 पासून ते निषिद्ध झाले, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. दोन वर्षांची बंदी क्रीडा लवादाने पंधरा महिन्यांवर आणली आणि त्यांनी जाणूनबुजून फसवले नसल्याचेही सांगितले. त्यांचा न्याय करण्याचा अधिकार आपला नाही. पण प्रश्न आपणा सर्वांसाठी उरतो. वर्षानुवर्षे घेतलेले औषध आजारासाठी आहे की कामगिरीसाठी, हे आपण शेवटचे कधी तपासले होते?

आणि जेथे नियम पोहोचत नाही तेथे काय? वेदनाशामक इंजेक्शन घेऊन दुखऱ्या गुडघ्यावर सामना खेळणे बहुतेक वेळा नियमात बसते. ट्रामाडॉल हे तीव्र वेदनाशामक स्पर्धेच्या काळात निषिद्ध झाले ते 2024 मध्ये. म्हणजे 2023 मध्ये ते घेणारा निर्दोष होता. परंतु त्याच्या गुडघ्याला हे ठाऊक नव्हते. वेदना ही शरीराने सांगितलेले सत्य असते. ते ऐकू येऊ नये म्हणून दिलेले औषध रुग्णासाठी आहे की सामन्यासाठी? संघाच्या डॉक्टरांचा स्वधर्म येथेच पणाला लागतो. त्यांचे वेतन संघ देतो, पण त्यांच्या पुढ्यात बसलेला माणूस रुग्ण असतो. रादुकानला गोळी देणारे डॉक्टरच होते आणि पदक मात्र मुलीचे गेले. खेळाडूच्या एकट्याच्या खांद्यावर सगळे ओझे टाकून प्रशिक्षक, डॉक्टर, आईवडील आणि टाळ्या वाजवणारे आपण मोकळे होतो, हा या व्यवस्थेतला उरलेला अन्याय आहे.

कोलकात्याच्या मोठ्या फुटबॉल मैदानाला स्वामी विवेकानंदांचे नाव आहे. तरुणांनी आधी फुटबॉल खेळून बलवान व्हावे, असे त्यांनी सांगितले होते. ते बल उसने नव्हते. उसन्या बलाने सामना जिंकता येईल, पण खेळणारा आतून बलवान होत नाही.

त्या सकाळी मुलाने बाटली परत पिशवीत ठेवली. खोकतच तो चाचणीला उतरला, दोन सोपे चेंडू हातून सुटले आणि निवड झाली नाही. वडील परतताना माझ्याशी फारसे बोलले नाहीत. काही दिवसांनी त्यांनी विचारले, "माझं काय चुकलं? तिथे खरंच कोणी तपासणार नव्हतं." मी म्हणालो, "औषध देण्यात चूक नव्हती. पण मुलगा चार दिवस खोकत होता, तेव्हा आपण त्याला डॉक्टरांकडे नेलं नाही. बाटली निघाली ती चाचणीच्या सकाळी, आणि तीही आजीची. ते औषध खोकल्यासाठी नव्हतं, निवडीसाठी होतं."

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "आता आधी डॉक्टरांकडेच नेईन."

त्या मुलाला पुढे कोणत्या संघात जागा मिळेल, हे आज सांगता येणार नाही. मात्र कोणी पाहत नसताना बाटलीवरचे नाव वाचण्याची सवय त्याला पंधराव्या वर्षीच लागली आहे. आपल्या घरातल्या मुलांच्या हाती आपण काय देतो आहोत, कशासाठी देतो आहोत, हे एकदा थांबून पाहण्याची सवय आपल्यालाही लागायला हवी.