कट्ट्यावरचे शब्द

तरुण मुलांना धड मराठी येत नाही म्हणून ती भलतेच शब्द वापरतात, असं मोठी माणसं म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. 'लेक्चरला कल्टी मारली' म्हणणारा मुलगा सरांसमोर 'बरं नव्हतं, सर' म्हणतो आणि आजीपुढे 'कल्टी' उच्चारतही नाही. कुणासमोर काय बोलायचं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तो शब्द त्याने आपल्या चार जणांसाठी राखलेला असतो. आतला कोण, बाहेरचा कोण, हे त्यावरून कळतं. आपल्याकडचे व्यापारीही गिऱ्हाइकाला भाव कळू नये म्हणून नंदभाषा नावाच्या सांकेतिक बोलीत आकडे बोलत. पोरांना लपवायचा असतो तो भाव नव्हे, आपलेपणा.

पण आपलेपणाला पाय फुटतात. पुण्यातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांसाठी कोल्हापूर, लातूर, जळगावची मुलं शेजारी शेजारी बसतात आणि चहाच्या टपरीवर कोल्हापूरचं 'नाद खुळा' सगळ्यांचं होऊन जातं. 2016 साली 'सैराट' चित्रपट आला तेव्हा त्यातला करमाळ्याकडचा हेल शहरातली पोरं हौसेने गिरवू लागली. एरवी गावच्या बोलीला हसणाऱ्या शहराने ती उचलावी, याचा मला फार आनंद वाटतो.

पसरलेला प्रत्येक शब्द टिकत मात्र नाही. 'राडा' टिकला, कारण त्याची गरज होती. भांडण दोघांचंही असतं, दंगल गावभर पेटते. या दोहोंच्या मधली, खुर्च्या फेकण्यापर्यंत गेलेली धुमश्चक्री एका शब्दात सांगायची कशी? आज वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही 'सभेत राडा' असतो. आणि तो आला तोही मराठीच्या शिस्तीत: राडा करतात, कल्टी मारतात, एखाद्याचा पोपट होतो, कुणाची वाट लागते. नामं नवी किंवा नव्या अर्थाची. करणे, मारणे, होणे, लागणे ही क्रियापदं मात्र घरचीच. भाषा बिघडत असती, तर आधी हा सांधा निखळला असता.

ज्यांनी शब्द घडवला, ते तोवर पुढे गेलेले असतात. 'विषय हार्ड' गावच्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर झळकू लागला, की कट्ट्यावरची पोरं तो सोडतात आणि दुसरा शोधू लागतात.