प्रतिज्ञा आणि परतफेड

मागच्या उन्हाळ्यात विरार पूर्वेच्या चंदनसार भागात एका कुटुंबाच्या भेटीला जाण्याचा योग आला. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर. आम्ही पोहोचलो ती नेमकी पाणी येण्याची वेळ होती. आजीपासून शाळकरी नातवापर्यंत सारे घर कामाला लागले होते. पिंप, हंडे, बादल्या आणि शेवटी स्वयंपाकाची पातेलीसुद्धा भरून ठेवली जात होती. घरातली थोरली मुलगी मुंबईच्या एका कॅथलिक महाविद्यालयात शिकते. पहाटेच्या लोकलने जाते, दिवस मावळल्यावर परतते. तिने पिशवीतून एक छापील कागद काढून आमच्या हाती दिला. ते पर्यावरणरक्षणाचे प्रतिज्ञापत्र होते. पाणी जपून वापरीन, वीज वाया घालवणार नाही, प्लास्टिक टाळीन, असा मजकूर आणि खाली तिची सही.

“फादर, सही तर केली,” ती म्हणाली, “पण आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, तेही तासभर. ह्यातून मी आणखी काय वाचवू?”

आईने तिला दटावले, “अगं, फादरांना असं विचारतात का?” आम्ही हसून वेळ मारून नेली. चहा घेतला, प्रार्थना केली आणि निघालो. जिना उतरताना ध्यानात आले की, तो चहाही त्याच मोजक्या पाण्यातला होता. रस्त्यावर आलो तो समोरून पाण्याचा टँकर ठिबकत चालला होता.

त्या मुलीचा प्रश्न आम्हाला अजून सोडत नाही. वरवर पाहता तो घरगुती तक्रारीसारखा वाटतो. पण नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न त्यात दडलेला आहे. एखादी संस्था प्रतिज्ञा करते तेव्हा ती नेमके कोण करीत असते? आणि ती कशाच्या बळावर केली जाते?

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अशी प्रतिज्ञा करण्याची पाळी कॅथलिक शिक्षणसंस्थांवर जगाच्या रेट्यामुळे आली आहे असे नाही. ती ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतूनच आली आहे. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी 1979 साली असिसीच्या संत फ्रान्सिस ह्यांना पर्यावरणाच्या कार्याचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. 1 जानेवारी 1990 च्या जागतिक शांतिदिनाचा त्यांचा संदेश सृष्टीशी समेट करण्याविषयीच होता. त्याच वर्षी 15 ऑगस्टला कॅथलिक विद्यापीठांसाठी त्यांनी ‘एक्स कोर्दे एक्लेझिए’ हा दस्तऐवज प्रसृत केला. विद्यापीठांनी ज्या गंभीर प्रश्नांचा अभ्यास करावा असे त्यात सांगितले आहे, त्यांत निसर्गाचे रक्षण स्पष्टपणे नमूद आहे. 2015 साली पोप फ्रान्सिस ह्यांचे ‘लाऊदातो सी’ हे परिपत्रक आले आणि 2021 मध्ये व्हॅटिकनच्या पुढाकाराने त्याचा सात वर्षांचा कृतिकार्यक्रम सुरू झाला. त्यात सहभागी होण्यासाठी सात गट केलेले आहेत. विद्यापीठे व शाळा हा त्यांतला एक गट. धर्मग्राम हा दुसरा. आणि कुटुंबे हाही एक. म्हणजे एखादे विद्यापीठ आणि चंदनसारचे ते दोन खोल्यांचे घर एकाच यादीत शेजारी शेजारी बसले आहेत. प्रश्न सुरू होतो तो येथूनच.

व्रताविषयी ख्रिस्तसभेची जुनी शिकवण अशी की, जे आपल्या अधीन आहे, त्याचेच व्रत करता येते. दुसऱ्याच्या गोठ्यातले वासरू देवाला अर्पण करण्याचा नवस कोणी केला, तर तो नवस ठरत नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही हेच तत्त्व मांडले आहे. व्रत हे आपल्या स्वतःच्या मालकीतून, आपल्या स्वतःच्या इच्छेने द्यायचे असते. ही कसोटी आपण संस्थांना लावून पाहू.

अमेरिकेतील डेटन विद्यापीठ मरियानिस्ट संघाचे आहे. ‘लाऊदातो सी’ प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षी, जून 2014 मध्ये, त्या विद्यापीठाने कोळसा व खनिज तेलाच्या कंपन्यांत गुंतवलेला आपला निधी काढून घेण्याचे जाहीर केले. नोत्र दाम विद्यापीठाच्या आवारात स्वतःचे वीजघर आहे आणि त्यात कोळसा जाळला जाई. तो 2020 पर्यंत थांबवू, असे त्या विद्यापीठाने 2015 मध्ये सांगितले आणि मुदतीच्या आधीच, ऑक्टोबर 2019 मध्ये, ते थांबवले. कोळशाच्या जागी बव्हंशी नैसर्गिक वायू आला, तेव्हा दोष सर्वस्वी फिटला असे कोणी म्हणू नये. तरीही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पैसा त्या विद्यापीठाचा स्वतःचा होता आणि धुराडेही स्वतःचेच होते.

आपल्याकडे पाहायचे तर मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय घ्यावे. ते 1869 साली सुरू झाले. तेथे स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर ह्यांनी 1906 साली वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह उभारला. तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. मुंबई परिसरातल्या गवतांवर त्यांनी केलेले काम त्यांच्या निधनानंतर, 1935 साली, ग्रंथरूपाने आले. ज्या गवतावरून आपण पाय देऊन पुढे जातो, त्या प्रत्येकाला नाव असते आणि ते जाणून घेणे हीही परमेश्वराच्या निर्मितीची सेवा आहे, असे मानणारी ही माणसे होती. त्यांच्याच परंपरेतले स्पॅनिश येशूसंघीय फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव ह्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि 1967 साली पद्मश्रीचे मानकरी ठरले. ह्या दोघांनी कोणाकडून सह्या घेतल्या नाहीत. त्यांनी आपले आयुष्य दिले. ते त्यांचे स्वतःचे होते.

ह्याउलट, संस्था जेव्हा विद्यार्थ्यांच्या सह्या गोळा करते आणि तो गठ्ठा आपली बांधिलकी म्हणून मिरवते, तेव्हा ती दुसऱ्याच्या गोठ्यातले वासरू अर्पण करीत असते. चंदनसारच्या मुलीचे पिंपभर पाणी हे संस्थेच्या मालकीचे नाही. त्याचे व्रत संस्थेला करता येणार नाही.

परंतु येथे थांबून भागत नाही. जे आपले आहे त्यातून द्यावे, ही झाली व्रताची बाजू. जे आपले नाही आणि तरीही आपल्याकडे आले आहे, त्याचे काय? त्याला व्रत पुरत नाही; तेथे परतफेडच लागते. ज्याला आपली जुनी माणसे कुमसार म्हणत, त्या प्रायश्चित्त साक्रामेंताची शिकवण आपण लहानपणी पाठ केली आहे. पश्चात्ताप हवा, पापनिवेदन हवे, आणि केलेल्या हानीची भरपाई हवी. चोरलेली कोंबडी घरात ठेवून ‘पुन्हा चोरी करणार नाही’ असा निश्चय करणाऱ्याला कोणताही धर्मगुरू ती कोंबडी आधी परत करायला सांगेल. आजकालच्या बहुतेक हिरव्या घोषणांत पुढचा निश्चय तेवढा असतो. मागचे निवेदन नसते आणि भरपाईही नसते.

हे बोलताना बोट दुसऱ्याकडे दाखवणे सोपे असते. म्हणून आपल्या वसईकडे वळू. 1990 च्या सुमारास हरित वसईची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी तिचे नेतृत्व केले. 25 जुलै 2024 रोजी ते प्रभुघरी गेले, तेव्हा महाराष्ट्राने साहित्यिकाइतकेच एका निर्भय धर्मगुरूलाही निरोप दिला. त्या काळात नाबोथच्या द्राक्षमळ्याची कथा आपल्याला फार जवळची वाटे. राजा अहाबला मळा हवा होता आणि नाबोथ नाही म्हणाला. आपण स्वतःला नाबोथ समजत होतो. आज मागे वळून पाहताना एक फरक जाणवतो आणि तो मनाला लागतो. नाबोथने वाडवडिलांची जमीन अखेरपर्यंत विकली नाही. आपल्यापैकी अनेकांनी ती विकली. विहिरीचे पाणी टँकरवाल्यांना विकले, ते मचूळ झाल्यावर वाडी विकली. ज्या बावखलांत पावसाचे गोडे पाणी मुरत असे ती बुजवली. कोणाला मुलीचे लग्न होते, कोणाला मुलाचे शिक्षण, कोणाला केळी आणि पानवेली परवडेनाशा झाल्या होत्या. आम्ही कोणाला दोष देत नाही. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती 12 लाखांच्या वर गेली होती. मुंबईत ज्यांना छप्पर परवडले नाही अशी गोरगरीब माणसे त्या इमारतींतून राहायला आली. त्यांनाही घर हवेच होते. मात्र अहाबचे नाव घेताना आपला हातही तपासला पाहिजे.

आम्ही आमचाच हात तपासतो. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना चर्चचे सारे आवार सिमेंटच्या ठोकळ्यांनी बंद करण्याचा निर्णय आम्ही घेतला. पावसात चिखल होतो, वृद्ध घसरतात, सणाला गाड्या लावायला जागा नसते, अशी कारणे होती आणि ती खोटी नव्हती. मुळे वर येतात म्हणून एक चिंचेचे झाड काढले. कौन्सिलच्या सभेत एक म्हातारे बागायतदार तेवढे म्हणाले, “फादर, तुम्ही विहिरीवर झाकण ठेवताय.” सभेने ते हसण्यावारी नेले, आम्हीही नेले. पुढे दोन उन्हाळे गेल्यावर आवारालगतची विहीर मे महिना येण्याच्या आधीच आटू लागली. शेजारच्या वस्तीतल्या बायका तिच्यावर पाणी भरत असत. केवळ आमच्या ठोकळ्यांमुळे ती आटली असे शपथेवर सांगता येणार नाही. पण जे पाणी पूर्वी त्या मातीत मुरे, ते आता गटारात जाते, एवढे डोळ्यांना दिसते. त्याच वर्षी आम्ही ‘लाऊदातो सी’वर सलग चार रविवार प्रवचने केली होती. उद्घाटनाच्या कोनशिलेवर आमचे नाव अजून आहे.

जक्कयची गोष्ट अशा वेळी वेगळ्या रीतीने वाचावीशी वाटते. प्रभू येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. प्रभूसमोर उभे राहून तो जकातदार दोन गोष्टी बोलला. आपल्या मालमत्तेतला अर्धा वाटा गोरगरिबांना देण्याचे त्याने कबूल केले. आणि कोणाचे फसवून घेतले असेल तर ते चौपट परत करण्याचे. पहिली गोष्ट व्रताची, दुसरी परतफेडीची. आपले कोणते आणि परक्याचे कोणते, हा हिशोब त्याने स्वतः मांडला. आणि तारण त्या घराला आले ते ह्या हिशोबानंतर.

कॅथलिक विद्यापीठाने व महाविद्यालयाने हाच हिशोब मांडावा. मुंबईच्या नळाला येणारे पाणी तानसा, भातसा, मोडकसागर अशा जलाशयांतून येते. त्यांतले बरेचसे पाणी शहापूर तालुक्याच्या परिसरातले. आणि त्याच तालुक्यातले कित्येक पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, वसतिगृहात, बागेत दररोज किती लिटर पाणी लागते, हे मोजणे अवघड नाही. ते ज्यांच्या डोंगरातून येते, त्यांना त्या संस्थेने आजवर काय परत दिले? आपले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, आपले विद्यार्थी, आपल्या निधीचा काही ठरलेला वाटा त्या पाड्यांच्या झऱ्यांसाठी व बंधाऱ्यांसाठी लावला, तर ती प्रतिज्ञा खरी ठरेल.

हे स्वप्नरंजन नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यात (तेव्हाचे अहमदनगर) स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर ह्यांनी पाणलोटाचे काम उभे केले. 1993 साली त्यांतूनच एक संस्थाही स्थापन झाली. त्यांच्या कामाची अट अशी की, पैसा येण्याआधी गावाने श्रमदान करावे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी. काम माथ्यापासून पायथ्याकडे यावे. म्हणजे गावानेही आपल्याजवळचे काही द्यायचे, संस्थेनेही द्यायचे. कोणी कोणाच्या वतीने सही करायची नाही.

हिशोब चंदनसारलाही चुकत नाही. सूर्या नदीवरचा प्रकल्प मुळात शेतीच्या सिंचनासाठी होता. आज त्याच नदीवरच्या 403 दशलक्ष लिटरच्या योजनेतून 185 दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि उरलेले मीरा-भाईंदरसाठी राखले आहे. ज्या आदिवासी शेतकऱ्यांच्या शेतात ते जायचे होते, त्यांचे आपण देणे लागतो. परंतु त्या देण्यात तासभर पाणी भरणाऱ्या घराचा वाटा आणि पोहण्याचा तलाव असलेल्या संकुलाचा वाटा सारखा नाही. ज्याने अधिक घेतले, त्याने आधी उठावे. हा न्याय आहे, दानधर्म नव्हे.

त्या मुलीला आम्ही आता उत्तर देऊ शकतो. बाळ, तुझ्या घरात वाचवण्यासारखे फारसे उरलेले नाही. तुझी आजी ते पन्नास वर्षे वाचवीतच आली आहे. तुझ्याकडे दुसरी एक गोष्ट आहे आणि ती तुझ्या मालकीची आहे: तुझा प्रश्न. तो तुझ्या प्राध्यापकांना विचार, प्राचार्यांना विचार. जे महाविद्यालय तो प्रश्न आपल्या अभ्यासक्रमात घेईल, त्याची प्रतिज्ञा खरी.

तो प्रश्न तू आम्हालाही विचारला होतास. आमच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळी लोकांनी प्रेमाने दिलेली रक्कम आमच्याकडे आहे. ज्या धर्मग्रामात ते आवार आहे, तेथील सध्याच्या धर्मगुरूंना आम्ही पत्र लिहिले आहे. विहिरीच्या बाजूचे ठोकळे काढून तेथे माती मोकळी करावी, एक चिंच लावावी, खर्च आम्ही देऊ. त्या म्हाताऱ्या बागायतदारांचे नाव पत्रात आवर्जून घातले आहे. त्यांची क्षमा मागायची राहून गेली, ते आता हयात नाहीत. उत्तर अद्याप आलेले नाही. कौन्सिलला गाड्यांचीही सोय पाहावी लागेल, हे आम्ही समजू शकतो.